बॅग कुणाच्या खांद्यावर

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. सकाळी चहाचा कप घेऊन मी टीव्हीसमोर बसले ती दोन तास उठलेच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक गोल्फची शेवटची फेरी खेळत होती. बर्डी हा शब्द आम्हा नागपूरकरांच्या रोजच्या तोंडातला, सीताबर्डी या बाजारपेठेसाठी. पण इथे त्याचा अर्थ वेगळा होता, ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी, आणि तो मला तेव्हा माहीत नव्हता. माझं लक्ष सारखं जात होतं ते अदितीच्या शेजारून गोल्फच्या काठ्यांची बॅग घेऊन चालणाऱ्या बाईंकडे. त्या तिच्या आई होत्या, महेश्वरी. जपानमधल्या त्या उकाड्यात लेकीची बॅग आईच्या खांद्यावर होती. अदिती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पदकासाठी की त्या बॅगेसाठी, मला नाही सांगता येणार.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वय त्रेचाळीस असताना साखर वाढली, डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चाला म्हणून सांगितलं. फुटाळा, अंबाझरी तलावांवर महिनाभर गेले आणि मग टाळाटाळ सुरू झाली. माझा मोठा भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला, तो कामठीच्या बाजूला एका मैदानावर गोल्फ खेळायला जातो. नऊ होलचं मैदान; पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू टाकायच्या खळग्यापर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. दादा म्हणाला, "नुसतं चालायचा कंटाळा येतो ना, मग चेंडूच्या मागे चाल. तेवढंच अंतर आहे, कळणारही नाही." नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी त्याच्यासोबत गेले. हवेत गारवा, गवतावर दव. त्याचा एक जुना सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, हातात दिला त्याने. दहाव्या की बाराव्या वेळी चेंडू नीट लागला. तळहातात काहीच जाणवलं नाही, फक्त एक स्वच्छ आवाज आला आणि चेंडू गेला. त्या आवाजासाठी मी आजही पहाटे साडेचारला उठते.

दादाने आपल्या जुन्या सेटमधल्या बारा काठ्या मला देऊन टाकल्या. आता त्या ठेवायला बॅग हवी होती. मला वाटलं, हे काम अर्ध्या दिवसाचं. प्रत्यक्षात पाच महिने लागले आणि तीन बॅगा हाताखालून गेल्या.

पहिली बॅग मैदानावरच मिळाली. बदली होऊन पुण्याला निघालेल्या एका खेळाडूला सामान कमी करायचं होतं. सहा हजारांत सौदा झाला. लाल आणि काळ्या रंगाची, जाड, उभी केली तर माझ्या छातीला लागेल एवढी उंच. वरच्या तोंडाला चौदा खण, नऊ खिसे. त्यातला एक आतून मखमलीचा, घड्याळ-अंगठी ठेवायला. एक चांदीसारख्या अस्तराचा, पाणी गार ठेवायला. मला ती फार आवडली होती, हे मी मोकळेपणाने सांगते. आमच्या घरात माझ्या स्वतःच्या खेळासाठी विकत घेतलेली ती पहिली वस्तू होती. बैठकीच्या कोपऱ्यात ठेवून मी तिच्याकडे बघत बसायचे.

थंडीत काही अडचण आली नाही. त्या मैदानावर बॅग उचलायला कॅडी मिळतात. माझ्या वाट्याला आले ते पंचावन्नच्या आसपासचे काका, तीस वर्षं हेच काम करणारे. चेंडू कुठे पडला ते माझ्याआधी त्यांना दिसायचं. कुठली काठी घ्यायची, वारा कुठून येतोय, ग्रीनचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवताचा, उतार कुठे आहे, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. मी पुढे चालायचे, बॅग मागून यायची, आणि तिच्या वजनाचा विचार मनात येण्याचं कारणच नव्हतं.

पहिल्या दिवशी बॅग पाहून ते एकच वाक्य बोलले होते. "ताई, हे तं गाडीवाली बॅग आहे." मी हो म्हटलं आणि विसरून गेले. आमच्या मैदानावर खेळाडूंना फिरवणाऱ्या गाड्या नावापुरत्या, त्याही वयस्कर मंडळींसाठी. बॅगेला 'गाडीवाली' का म्हणतात, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

एप्रिल उजाडला. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी आठलाच रस्ता तापायला लागतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आम्ही साडेपाचला खेळ सुरू करायचो आणि आठच्या आत आटपायचो. एका रविवारी गर्दी होती, उशीर झाला. सातव्या होलवर चढ आहे. वर पोचून मी मागे वळले तर काका अर्ध्या चढावर थांबलेले. त्यांनी बॅग खाली ठेवली, गळ्यातला दुपट्टा काढून मान पुसली, आणि सदऱ्याची कॉलर बाजूला सरकवून खांद्याला वारा घेतला. तिथे पट्ट्याच्या रुंदीची तांबडी रेघ उठलेली होती. त्या रेघेखाली आणखी एक, जुनी, काळवंडलेली, कातडी घट्ट झालेली. ती माझ्या बॅगेची नव्हती, तीस वर्षांतल्या कितीतरी बॅगांची होती. पण वरची ताजी रेघ माझी होती.

मी खाली उतरून बॅगेला हात घातला. "मी घेते." त्यांनी दिली नाही. "मी उचलून राहिलो ना ताई, तुम्ही काहून टेन्शन घेता?" उरलेले दोन होल मी कसे खेळले ते आठवत नाही.

त्या दिवशी दादाकडे गेल्यावर वहिनीला विमानाच्या सामानाचा हातकाटा मागितला. बॅग आहे तशी लटकवली. चौदा किलो आठशे ग्रॅम. मग विज्ञानाच्या शिक्षिकेने जे करायला हवं ते केलं: एकेक वस्तू काढून वेगळी तोलली. रिकामी बॅगच चार किलो शंभर. बारा काठ्या चार किलो नऊशे. पाण्याच्या दोन बाटल्या दोन किलो तीनशे. वीस चेंडू नऊशे ग्रॅम. एक चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही, म्हणजे हिशेब बरोबर जुळला. छत्री सहाशे, जास्तीचे बूट आठशे, डबा आणि दोन संत्री पाचशे, टॉवेल-मोजे-रेनकोट वगैरे सातशे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तर आपल्या घरगुती सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा जास्त झालं." खरंच होतं. तो चौदा किलो दोनशे असतो. एवढं ओझं घेऊन माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस माझ्या मागे चार किलोमीटर चालत होता, आणि मी तब्येतीसाठी मोकळ्या हातांनी चालत होते.

दादाला विचारलं, इतकी वर्षं तू बोलला का नाहीस. तो म्हणाला, सवय. सगळ्यांच्याच बॅगा अशा. मला राग आला, पण तो त्याच्यावर काढून उपयोग नव्हता.

त्यानंतर मी बॅगेकडे पहिल्यांदा नीट पाहायला लागले. मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाची बॅग उचलून बघायची, विचारायचं. लोक आनंदाने सांगतात. जे समजलं ते असं. माझी होती ती कार्ट बॅग, म्हणजे गाडीवर किंवा ट्रॉलीवर बांधून न्यायची. तिचे सगळे खिसे पुढच्या बाजूला, कारण मागची बाजू गाडीला टेकलेली असते. तळ सपाट, पट्टा एकच आणि तोही कामचलाऊ, गाडीतून उतरवून खोलीपर्यंत नेण्यापुरता. काका तो कामचलाऊ पट्टा खांद्याला लावून चालत होते. म्हणजे बॅगेत खोट नव्हती. ती ज्या कामाची होती ते काम मी तिच्याकडून घेत नव्हते. याहून मोठी ती टूर बॅग, टीव्हीवर मोठ्या खेळाडूंची दिसते ती; तिच्यावर खेळाडूचं नाव आणि जाहिराती असतात, तिचा विचारही नवशिक्याने करू नये. सगळ्यात बारकी ती पेन्सिल बॅग, एक-दीड किलोची, पाच-सहा काठ्या मावतील अशी. आणि यांच्या मधली स्टँड बॅग, दोन पायांची. रिकामी दोन ते अडीच किलो, पाठीवर दप्तरासारखी घ्यायला दोन पट्टे, जमिनीवर ठेवली की पाय बाहेर येऊन तिरकी उभी राहते.

या पायांची रचना मला फार आवडली. तळाशी एक हलणारी पट्टी असते. बॅग पुढे कलली की ती दाबली जाते, तिला जोडलेली बारीक सळई वर सरकते आणि दोन्ही पाय बाहेर ढकलते. उचलली की स्प्रिंगने पाय परत मिटतात. विजेशिवाय, बटणाशिवाय, नुसत्या वजनावर. आठवीच्या मुलांना तरफ शिकवताना मी आता हेच उदाहरण देते. वाकायचं काम वाचतं. एका फेरीत बॅग पन्नास-साठ वेळा तरी खालीवर होते, त्यामुळे ही सोय कमरेला कळते.

पण बॅग हलकी घेण्याआधी भार हलका करायला हवा होता. नियमाने एका फेरीत चौदा काठ्या चालतात, हे जो तो सांगतो. चौदाच्या वर नकोत, असा तो नियम आहे. कमीत कमी किती, याला बंधन नाही. १९३० च्या दशकात मोठे खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बाळगायला लागले होते, तेव्हा अमेरिकेतल्या संघटनेने १९३८ मध्ये आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या 'आर अँड ए' या नियम ठरवणाऱ्या संस्थेने १९३९ मध्ये चौदाची मर्यादा घातली. ती किती कडक आहे ते २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये दिसलं. वेल्सचा इयन वुसनम शेवटच्या दिवशी आघाडीवर बरोबरीत होता आणि दुसऱ्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी कळलं की बॅगेत पंधरा काठ्या आहेत, सरावाचा एक जास्तीचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, राहून गेला होता. दोन फटक्यांचा दंड बसला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. मला हा किस्सा दादाने सांगितला तेव्हा वाटलं, ज्याच्या बॅगेत जागा असते त्याच्याच बॅगेत पंधरावी काठी राहते.

काकांना विचारलं, मला खरोखर किती काठ्या लागतात? त्यांनी बोटावर मोजलं: ड्रायव्हर, पाच नंबरचा वूड (ड्रायव्हरसारखीच, थोडी आखूड), पाच-सात-नऊ आयर्न, दोन वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), एक पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायला). आठ. "बाकीच्या चार तुम्ही सहा महिन्यांत काढल्याच नाही." माझ्या वहीतही तेच निघालं असतं, पण माझ्या खेळाची नोंद माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त पक्की होती. नवशिक्याचा सहा नंबर आणि सात नंबर यांच्या फटक्यांत फरक पडत नाही. दोन्ही तेवढेच जातात. आधी एक काठी हाताला बसू द्यावी.

मग दुसरी बॅग आली, आणि इथे माझी चूक झाली ती घाईची. मे महिन्यात दुकानात जायचा कंटाळा म्हणून ऑनलाइन मागवली. स्टँड बॅग, दोन किलो तीनशे, फोटोत सुंदर, आणि पुन्हा चौदा खण. मला वाटलं, प्रत्येक काठीला आपली खोली असली की काठ्या एकमेकींवर आपटणार नाहीत. आल्यावर आठ काठ्या घातल्या आणि सात नंबर काढायला गेले तर नऊ नंबरही सोबत अर्धा वर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टॉर्च लावून आत पाहिलं. खण फक्त वरचे चार बोटं होते. खाली सगळी एकच पोकळी, आणि तिथे सगळ्या रबरी मुठी एकमेकींना चिकटून अडकत होत्या. रबराला रबर घासलं की सरकत नाही. मुठी फाटतात त्या अशाच. जाहिरातीत कुठेही लिहिलं नव्हतं की विभाजनं तळापर्यंत जात नाहीत. मी तसं विचारलंही नव्हतं. परत पाठवायला अकरा दिवस लागले, तीनदा फोन करावे लागले, आणि येण्याजाण्याचा खर्च कापून पैसे मिळाले. विक्रेत्याशी मी भांडले आणि ते भांडण रास्त होतं असं मला आजही वाटतं.

तिसऱ्या वेळी ठरवलं, काकांना सोबत न्यायचं. शेवटी बॅग त्यांच्या खांद्यावर जाणार. ते आधी तयार होईनात. "दुकानात मी काय करू?" मी म्हटलं, "काका, तुम्ही तीस वर्षं बॅगा उचलल्या, मी सहा महिने बघितल्या. निवड तुम्हीच करायची." गुरुवारी मैदान बंद असतं, तेव्हा ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोने बर्डीला उतरलो. पोह्यांच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि मग वर्धा रोडवरच्या एका मोठ्या खेळाच्या दुकानात गेलो. गोल्फचा कोपरा लहानच होता. सहा बॅगा.

दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. त्याने माझ्याकडे बघून खिसे दाखवायला सुरुवात केली. काका बाजूला उभे. मी म्हटलं, यांना दाखवा. मुलगा गोंधळला, पण त्याने बॅग पुढे केली.

त्यापुढचा अर्धा तास मी नुसती बघत होते. काकांनी नाव वाचलं नाही, किंमत बघितली नाही. पहिल्यांदा सोबत आणलेल्या माझ्या आठ काठ्या आत घातल्या. "रिकामी बॅग सगळीच हलकी लागते." मग दोन्ही पट्ट्यांत हात घालून पाठीवर घेतली आणि दुकानात तीन फेऱ्या मारल्या, नेहमीच्या चालीने. एक बॅग चालताना डावीकडे झुकायची. काठ्यांचं वजन एका बाजूला जातं, म्हणाले, खांदा उतरतो. दुसरीचे पट्टे मऊ पण अरुंद. त्यांनी पट्टा दोन बोटांत दाबून पाहिला. स्पंज पहिल्या दिवशी जाड असतो, वर्षभरात पापडासारखा होतो, रुंदी मात्र कायम राहते, म्हणून रुंद पट्टा बघायचा. कमरेला टेकते तिथे गादी आहे का ते पाहिलं. मग बॅग खाली ठेवली, उचलली, ठेवली, उचलली, दहा वेळा. एका बॅगेचा एक पाय दरवेळी क्षणभर उशिरा मिटायचा. मला ते दिसलंही नव्हतं. ती बाजूला गेली.

शेवटी पटर घालून प्रत्येक खणात वरखाली केला. मी टॉर्च काढला तर ते हसले. "आवाज ऐका ताई." तळापर्यंत विभाजन असलेल्या बॅगेत काठी सरकताना एकसारखा सर्र असा आवाज येतो. नसेल तर मध्येच खट् होतं. विज्ञान मी शिकवते, पण हा प्रयोग मला सुचला नव्हता.

राखाडी रंगाची, चार खणांची, दोन किलो शंभर ग्रॅमची स्टँड बॅग उरली. चार खण पाहून मी थोडी खट्टू झाले. काका म्हणाले, आठ काठ्यांना चार खण खूप: लांब वर, आखूड खाली, पटर वेगळा. कमी खण म्हणजे कमी कापड, कमी वजन. रंगाबद्दल माझं मत मी दिलं. तिथे काळी बॅगही होती, दिसायला जास्त छान. पण मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या माझ्या जुन्या बॅगेच्या काळ्या भागाला हात लावला तर चटका बसायचा आणि आतलं पाणी तासाभरात कोमट व्हायचं. पांढरी आमच्या काळ्या मातीत महिनाभरही टिकली नसती. राखाडीच बरी. किंमत साडेसात हजार. मुलाने पावती करताना काकांना विचारलं, "साहेब, तुम्ही शिकवता का?" काका काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "हो, हेच शिकवतात मला."

कॅडींबद्दल आपल्याकडे नीट बोललं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू, अली शेर, हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच घडला. गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये गवताची निगा राखायचे. १८२९ सालचा तो क्लब, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. तिथेच कोपऱ्यात उभं राहून बघत बघत तो खेळ शिकला आणि पुढे युरोपियन टूर या व्यावसायिक मालिकेतल्या स्पर्धा जिंकला. बॅग उचलणाऱ्याला खेळ कळत असतो. काकांचा फटका मी एकदाच पाहिलाय, सोमवारी मैदान रिकामं असताना. सात नंबर, अर्धा स्विंग, चेंडू झेंड्यापासून चार पावलांवर.

घरी आल्यावर पुन्हा हातकाटा. बॅग दोन किलो शंभर, आठ काठ्या तीन किलो चारशे, पाण्याची एकच बाटली एक किलो शंभर, सहा चेंडू आणि टॉवेल, टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) वगैरे मिळून सहाशे. सात किलो दोनशे. निम्म्याहून कमी. दुसरी बाटली नको, कारण पाचव्या होलजवळ माठ असतो. जास्तीचे बूट दादाच्या गाडीत राहतात. वीस चेंडू मी का नेत होते याचं उत्तर मला नाही देता आलं. सहा हरवले तर त्या दिवशी घरी यावं.

घरातून मैदानापर्यंत बॅग न्यायची कशी, हा प्रश्न राहिला होता. दादा नसेल तेव्हा मी ॲक्टिव्हावर जाते. मोठी बॅग स्कूटरवर शक्यच नव्हती. नवी पाठीवर घेऊन कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहिली. काठ्यांची डोकी हेल्मेटच्या वर निघतात, मागे बघायला मान वळवली की ड्रायव्हर हेल्मेटला लागतो, आणि वळणावर वजन खेचतं. मानेवाड्याहून कामठीकडे पूर्ण शहर ओलांडून असं जाणं मला धोक्याचं वाटलं. मैदानावर महिन्याच्या भाड्याने लॉकर मिळतो तो घेतला. बॅग तिथेच राहते, मी फक्त हातमोजा, टोपी आणि पाणी नेते. ज्यांच्याकडे छोटी गाडी आहे त्यांनी बॅग घेण्याआधी डिकी मोजावी. ड्रायव्हर जवळजवळ पंचेचाळीस इंच लांब असतो आणि छोट्या गाडीत तो आडवा बसत नाही, मागची सीट पाडावी लागते. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत दिवसभर बॅग ठेवू नये. मुठीखालचा गोंद तापून मऊ होतो आणि मूठ फिरायला लागते. दादाच्या एका काठीचं तसं झालंय.

ट्रॉलीचाही विचार केला होता. तीन चाकांची, ढकलत न्यायची. कोरड्या दिवसांत उत्तम, आणि ज्यांची पाठ दुखते त्यांनी तीच घ्यावी. पण आमच्या मातीत पावसाळ्यात तिचं काही चालत नाही.

जूनच्या मध्याला पाऊस आला आणि नव्या बॅगेची खरी परीक्षा झाली. आमची काळी माती ओली झाली की बुटाला चिकटते, बुटाच्या मातीला आणखी माती चिकटते, आणि दहा पावलांत पाय दुप्पट जड होतात. तीच माती बॅगेच्या तळाच्या पट्टीत जाऊन बसली. तिसऱ्या होलवर पाय बाहेर येईनात, बॅग पडली. काकांनी झाडाची काडी मोडून फट कोरली, पाणी ओतलं, दोनदा दाबलं, पाय सुटले. तेव्हापासून एक जुना दात घासायचा ब्रश बाजूच्या खिशात असतो आणि फेरी संपली की मी स्वतः तळ धुते. माती वाळली की ती सिमेंट होते, म्हणून त्याच वेळी धुवायची. बॅगेच्या तोंडावर घालायची पावसाची टोपी सोबत येते ती चेनने लागते. दुकानात ती लावून बघायला आम्ही विसरलो होतो आणि तिचा रनर पोळ्याच्या आधीच तुटला. बर्डीतल्या एका चेन बसवणाऱ्याने पन्नास रुपयांत पितळी रनर घातला. मूळच्यापेक्षा चांगला.

पहिली लाल-काळी बॅग दादाच्या एका मित्राने घेतली. त्यांचा गुडघा बदललाय, ते गाडीतूनच फिरतात. गाडीच्या मागे बांधलेली ती बॅग परवा पाहिली. नऊही खिसे भरलेले, ताठ उभी, अगदी आपल्या जागी.

आता फेरीत असं चालतं. सपाटीवर बॅग माझ्या पाठीवर असते. चार किलोमीटर, सात किलो. सुरुवातीला तिसऱ्या होलपासून खांदे दुखायचे, आता नाही दुखत. काकांनी पहिल्या दिवशी हात पुढे केला होता. मी म्हटलं, तुमचे पैसे तेवढेच, तुम्ही मला चेंडू शोधून द्या आणि ग्रीन वाचायला शिकवा. त्यांना ते पटायला दोन-तीन रविवार लागले. रिकाम्या हाताने चालायची त्यांना सवय नव्हती, दुपट्ट्याचं टोक हातात धरून चालायचे. सातव्या होलचा चढ आला की मात्र ते माझं ऐकत नाहीत. मागून येतात, माझ्या पाठीवरून एक पट्टा सोडवतात, आपल्या खांद्यावर घेतात, आणि आम्ही दोघं एकेक पट्टा धरून वर जातो.